जेवणानंतरची गोळी

वर्ध्याच्या आमच्या इस्पितळात मी परिचारिका म्हणून रुजू झाले, तेव्हा कॅल्शियमला ‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणाले आणि आहारतज्ज्ञ सुमनताई माझ्यावर कडाडल्या. ताकद आली की लोक गोळ्या सोडतात. वजन कमी करायची शस्त्रक्रिया झाली की कॅल्शियम जन्मभर, असं त्यांनी बजावलं. बाई खडूस आहेत, असं माझं मत झालं. ते चुकीचं होतं, हे सांगायलाच त्यांच्या साठीनिमित्तच्या गौरवग्रंथात हा लेख.

देवळीच्या वंदनाताईंच्या शस्त्रक्रियेला वर्ष झालं होतं. नवरात्राच्या आठव्या दिवशी दुपारी त्यांच्या यजमानांचा फोन आला. वंदनाताईंची बोटं आखडली होती, मनगटं वळली होती आणि शेजारणी देवी अंगात आली म्हणून ओटी भरायला बसल्या होत्या. सुमनताईंनी फोन माझ्या हातून घेतला.

“ओठाले मुंग्या येऊन राह्यल्या का, विचारा त्याईले.”

येत होत्या.

“आरती मंग करजा. पयले गाडीत बसवा.”

गाडी येईपर्यंत ताईंनी डॉक्टरांना बोलावून सगळी तयारी करवली. रक्तातलं कॅल्शियम घसरलं होतं; ते शिरेतून हळूहळू द्यावं लागतं, नजर हृदयाच्या ठोक्यांवर. बऱ्याच वेळानं बोटं सुटली, तेव्हा कुठे ताईंनी वंदनाताईंना विचारलं, “गोळ्या काऊन सोडल्या?”

“चिठ्ठीवर जेवणानंतर लिवलं व्हतं न, मॅडम. उपासाले जेवणच नाई, तं गोळी कशी घेऊ?”

फराळ म्हणजे त्यांच्या लेखी जेवण नव्हतंच. नवरात्राआधी सोमवार, गुरुवार, चतुर्थीही अशाच गोळीविना गेल्या होत्या. ती चिठ्ठी मी लिहिली होती. यजमानांनी संतापून विचारलं, कोणी लिहिलं हे? मी पडद्यामागेच थांबले.

“चूक माही आहे,” ताई म्हणाल्या. “उपास विचारले नाईत मी.”

ते वाट्टेल तसं बोलले. ताईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मला नंतर एवढंच सांगितलं, की यापुढे आधी उपास विचारायचे, मग गोळीची वेळ लिहायची. त्या दिवसाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मीही भित्रेपणानं गप्प राहिले.

वंदनाताई नियमित गोळ्या घेतात, ठणठणीत आहेत. यजमान मात्र अजून ताईंशी तुटक वागतात. हा गौरवग्रंथ देवळीला त्यांच्या घरी मी स्वतः नेऊन देणार आहे. दादा, ती चिठ्ठी माझी होती. सुमनताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यातला एकही दिवस माझ्या वाट्याचा राग सोसण्यात न जावो.