दोषांचा रकाना

पिंपळीच्या कौसल्याबाईंना लग्नाचं बोलावणं देताना लोक जरा बिचकतात. बाई येतात, आहेर करतात, पंगतीला बसतात, इथवर सगळं ठीक. पण शेजारी कुणाचं लेकरू येऊन टेकलं की बाईंचा हात त्याच्या गळ्याशी जातो आणि नव्याकोऱ्या झबल्याची कड त्या चारचौघांत उलटी करून बघतात. "वरनं काय, कुणी बी नटवतंय. आतनं बघावं," हे त्यांचं म्हणणं. लेकराची आई कानकोंडी होते, आणि बाई मात्र सावकाश शिलाई तपासून कड परत जागेवर बसवतात.

ही खोड त्यांना नोकरीनं लावली. बारामतीच्या बाहेर तयार कपड्यांचा एक कारखाना आहे, तिथं त्यांनी एकोणीस वर्षं काढली आहेत. आधी मशीनवर, मग एका लाईनच्या मुकादम म्हणून. लाईन म्हणजे तीस मशीनची रांग. पहिल्या बाईच्या हातात कापलेलं कापड जातं आणि शेवटच्या बाईच्या हातून झबलं होऊन बाहेर पडतं. नवरा गेणू वांगी-टोमॅटो करतो. तो पाहुण्यांना सांगतो, "आमी दोघं बी माल बाहेर धाडतो. माझा पुण्याला जातो, हिचा इलायतेला." हे सांगताना त्याला बायकोचा अभिमान असतो, आणि थोडं पोटातही दुखतं.

आठ वर्षांपूर्वी मात्र इंग्लंडचं काम अचानक थांबलं. कारखान्याच्या दोन लाईनी बंद पडल्या. थोरल्या मालकांनी एवढंच सांगितलं, की यापुढं काम येणार नाही. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. कौसल्याबाईंनी शेवटच्या मालातलं एक झबलं मागून घरी आणलं आणि चार दिवस त्याचा टाका न् टाका उसवत बसल्या. आपल्या लाईनीचं कुठं चुकलं, ते त्यांना शोधायचं होतं. चूक काही सापडली नाही, झबल्याच्या मात्र चिंध्या झाल्या.

त्यांची धाकटी जाऊ स्वरूपा त्याच लाईनीत होती. तिचं काम गेलं. मग ती लोणी देवकरच्या एका कारखान्यात खोकी भरायला जायला लागली. दोन गाड्या बदलून जायचं, दोन गाड्या बदलून यायचं. तिची छकुली तेव्हा सहा महिन्यांची होती. कौसल्याबाईंना दुसऱ्या लाईनीवर घेतलं होतं आणि त्या दिवस मावळायच्या आत घरी असायच्या, म्हणून पोर त्यांच्या मांडीवर वाढली आणि पहिल्यांदा 'आई' म्हणाली तेही त्यांनाच. स्वरूपानं ते हसण्यावारी नेलं, पण चुलीपुढं बसून डोळे पुसताना कौसल्याबाईंनी तिला पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांच्या मनात एकच होतं, जावेला परत आपल्या लाईनीत आणायचं.

गेल्या वर्षी ती संधी दिसली. थोरल्या मालकांचा मुलगा ज्ञानेश आता कारभार बघतो. शिकलेला, पण कामगार बायकांशी नीट बोलणारा. त्यानं कौसल्याबाईंना केबिनमध्ये बोलावून घेतलं.

"मावशी, इंग्लंडशी आपल्या देशाचा करार झालाय. ते लोक पुन्हा आपल्याकडं बघायला लागलेत."

"मग मधी का तोंड फिरवलं हुतं? आमचं काय चुकलं हुतं?"

ज्ञानेश चपापला. सात वर्षं ही बाई हा प्रश्न घेऊन फिरतेय हे त्याला माहीतच नव्हतं.

"तुमचं काहीच नाही मावशी. चूक जकातीत होती. बांगलादेशाचा कपडा तिकडं बिनजकात उतरतो, आणि आपल्यावर शेकडा दहाच्या आसपास बसायची. तिकडचा दुकानदार शिलाई बघेल, की तेवढा फरक?"

"सगळ्यांला सारखी का न्हाय लावत?"

"जगाचा नियम तसाच आहे. एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यायची. पण दोन देशांनी आपसात करार केला, नाहीतर गरीब देशाला हात द्यायचा ठरवला, तर वेगळी सूट चालते. आता जो तो करारच करत सुटलाय. आपलाही झाला, आणि आपल्यावरची जकात उठली."

घरी त्यांनी हे सगळं गेणूला सांगितलं. गेणूनं तंबाखू मळता मळता निकाल दिला. "त्यात काय अवघड हाय? सावड हाय ती. तुमी आमच्या रानात या, आमी तुमच्यात येतो. सावडीतल्याची पेरणी येळेत, वापशावर हुती, आन् सावडीभायेरचा बसतो आभाळाकडं बघत." कौसल्याबाईंना पटलं. फक्त सावडीबाहेरच्या त्या माणसाचा चेहरा त्यांना उगाचच दिसत राहिला.

इंग्लंडहून एक झबलं आलं. हुबेहूब असंच शिवून पंधरा दिवसांत पाठवा, पसंत पडलं तर एक लाईन भरेल एवढं काम देऊ, असा निरोप. हे झबलं बांगलादेशातल्या कारखान्यात शिवलेलं होतं, सध्या माल तिथूनच जायचा. कौसल्याबाईंनी सवयीनं ते उलटं केलं आणि त्यांच्या तोंडून "अगं बया!" निघून गेलं.

गळ्याला उरेब पट्टी होती, म्हणजे तिरक्या कापडाची. ती इतकी सपाट बसली होती, की जणू कापड विणतानाच गळा सोडलेला. त्यांनी स्वतः तीन झबली शिवली. तिन्हींचा गळा वर उठला. मशीनचा दाब बदलला, दोरा बदलला, तरी उठलाच. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी ज्ञानेशची परवानगी घेऊन त्यांनी नमुन्याच्या गळ्याचे चार बोटं टाके सुईनं सोडवले, तेव्हा उमगलं. तिकडं हे झबलं शिवणाऱ्या बाईनं पट्टी गळ्याच्या वळणावर किंचित ओढून धरली होती आणि खांद्यावर सैल सोडली होती. हे मशीन करत नाही, बोटं करतात. शिवाय पट्टीचं टोक आत दुमडून दाबलं होतं, लेकराच्या मानेला टोचू नये म्हणून. ते करायला सोबतच्या कागदात कुठंच सांगितलेलं नव्हतं.

"पोरंबाळं आसत्याल तिला," कौसल्याबाई स्वतःशीच म्हणाल्या. कधी न पाहिलेल्या त्या बाईबद्दल त्यांना एकदम माया वाटली.

चौथं झबलं जमलं. पाठवायच्या दिवशी ज्ञानेशनं सोबत भरायचा कागद वाचून दाखवला. कापड, दोरा, मापं, आणि शेवटी एक रकाना: मूळ नमुन्यात आढळलेले दोष. खाली शिलाई तपासणाऱ्याची सही.

"दोन-तीन लिहा मावशी. पट्टी जाड, टाका सैल, असलं काहीतरी."

"पर न्हाईत तर?"

"तिकडच्या दुकानदारालाही जुना कारखाना सोडायला कारण लागतं. जकात उठल्यावर आपला माल स्वस्त पडतो म्हणून सोडतोय, असं तोंडावर कोण सांगतं?"

कौसल्याबाईंनी रकान्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी आमच्या टायमाला बी आसंच कुणीतरी लिव्हलं आसंल."

ज्ञानेशनं कागद त्यांच्यापुढं सरकवला. मग म्हणाला, "रकाना मोकळा दिसला आणि काम हुकलं तर? स्वरूपाकाकींचा विचार करा."

त्यांनी केला. दोन गाड्या आठवल्या, छकुली आठवली. बाई काही साध्वी नव्हेत. भाजीवाल्याशी बोलताना त्या बेधडक खोटं बोलतात. पण शिलाईच्या बाबतीत त्यांना ते जमेना. त्यांनी रकान्यात लिहिलं, 'दोष नाही. काम उत्तम आहे,' आणि वळणदार सही ठोकली. ज्ञानेशनं कपाळाला हात लावला, पण कागद तसाच पाठवला.

पुढचे तीन आठवडे कौसल्याबाईंना जेवण गोड लागलं नाही. जावेपुढं त्या नजर चुकवून वावरायच्या. घरात हे गेणूशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि गेणू फक्त "हरिश्चंद्राची नात" एवढंच म्हणायचा.

काम आलं. रकाना कुणी वाचला, न वाचला, देव जाणे. दुकानदारानं जकात उठल्यावरचा भाव तेवढा बघितला असणार.

बंद लाईन झाडूनपुसून पुन्हा सुरू झाली. स्वरूपाला गळ्याच्या मशीनवर बसवलं. कौसल्याबाई तिच्यामागं उभ्या राहिल्या आणि तिच्या बोटांवर बोटं ठेवून पट्टी कुठं ओढायची, कुठं सोडायची ते दाखवू लागल्या. तिसऱ्या झबल्याला गळा सपाट बसला. स्वरूपानं तो उलटा करून पाहिला आणि हरखून गेली.

"आक्का, ही तऱ्हा कुणी शिकवली वं तुमाला?"

"एका बाईनं. तिकडं बांगलादेशात हाय. आपल्या आधी हे काम तिच्याकडं हुतं."

स्वरूपाचा पाय मशीनवरून उचलला गेला. सात वर्षं खोकी भरलेली ती बाई हातातल्या झबल्याकडं बघत राहिली.

"मग आता ती कुठं जाती वं कामाला?"

कौसल्याबाईंच्या हातात पुढची पट्टी तयार होती. ती देताना त्यांना जावेकडं बघवलं नाही.

"ठाव न्हाय गं," त्या म्हणाल्या.