रिळातली हाक

मी चौथीत होते तेव्हा रेडिओवाले जीप घेऊन आमच्या ब्राह्मणपुरीला आले आणि आईची जात्यावरची गाणी यंत्रात भरून घेऊन गेले. यंत्र चालू असताना कुणी आवाज करायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. मी लाजून कणगीमागे जाऊन बसले. वर्षाच्या आत आई गेली. माझी शाळा सुटली. पुढे लग्न होऊन लोणखेड्याला आले, तोवर आईचा चेहरा आठवायचा, आवाज मात्र पार पुसला होता.

एका उन्हाळ्यात, भरदुपारी, विद्यापीठाचा एक माणूस आमच्या ओसरीवर येऊन बसला. रेडिओच्या साठ्यातल्या जुन्या गाण्यांवर तो प्रबंध लिहीत होता. जवळ बॅटरीवरचं यंत्र आणि एक रीळ.

"डबीवर फक्त 'शहादा भाग, जात्यावरची गाणी' एवढंच आहे," तो सासऱ्यांना म्हणाला. "गावोगाव ऐकवत हिंडतोय. कुणी ओळखलं नाही, तर 'अज्ञात स्त्री' लिहायचं आणि रीळ परत करायचं."

सासूबाई आणि मी आत चुलीपाशी होतो. सासऱ्यांसमोर मी कधी बोलत नसे.

आधी जातं घरघरलं. आमचं जातं तर कोपऱ्यात गप्प होतं. मग बाई गाऊ लागली.

"इतलासा डबामा बाई कशी मावनी व?" सासूबाई हसल्या. "सासरना जाचमा वाळी गयी व्हई!"

मलाही हसू फुटलं. तेवढ्यात गाणं थांबलं, खोकला आला आणि त्या आवाजाने हाक मारली, "कोठे दडी बसनी व माय?"

भाकर माझ्या हातातच राहिली. कुठे दडून बसलीस म्हणून मला 'माय' अशी लाडाची हाक मारणारी आईच. हाकेनंतर काहीच ऐकू येत नव्हतं. त्या गप्प जागेत, कणगीमागे, मी होते.

यंत्र थांबवून त्याने विचारलं, "ही हाक कुणाला?"

"काय माहीत, साहेब. पोऱ्हे ऱ्हातंस घरमा," सासरे म्हणाले.

"मन्ही माय शे," मी आत पुटपुटले.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "ओ देऊ नको. मरेल मानूस एकदावच हाक मारस. तिसरी हाक उनी, तेच जित्ता."

आमच्याकडे हे सगळेच पाळतात. मेलेलं माणूस एकदाच हाक मारतं; त्या पहिल्या हाकेला ओ दिली तर माणूस हाकेमागे जातो. तिसरी आली, तरच हाक जिवंत माणसाची.

त्याने रीळ मागे फिरवलं. ते वटवाघळासारखं चिरकलं. पुन्हा तोच खोकला, तीच हाक. सासूबाईंची पकड घट्ट झाली.

"नाही लागत पत्ता," तो म्हणाला. "अज्ञातच लिहितो. शेवटचं एकदा ऐकतो."

रीळ पुन्हा चिरकलं.

"कोठे दडी बसनी व माय?"

मनगट सोडवून मी दारात गेले. "ओ," म्हणाले.

सासऱ्यांनी चमकून मान वळवली. त्या माणसाचा हात बटणाजवळच राहिला, म्हणून या वेळी यंत्र थांबलं नाही. रीळ फिरत राहिलं. मग आई म्हणाली, "ऱ्हाय मंग तठेच." आणि जातं घरघरू लागलं.

तिथेच राहा म्हणाली, म्हणून मी उंबऱ्याशी तशीच उभी राहिले. गाणं संपल्यावर पदर पुढे ओढून आईचं नाव सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं.

आत सासूबाईंनी माझ्यावरून मीठ उतरवून चुलीत टाकलं. ते तडतडलं.

"तिसरी व्हती ना?"

मी होकाराची मान डोलावली.

रीळ त्याच्याबरोबर परत गेलं. पण दुपारी घरात एकटी असले की अजून कधी कधी हाक येते. एकदाच येते. मी जागची हलत नाही.