शिडीवरचा जोडीदार

गेले काही आठवडे रीनोला जेवण गोड लागत नव्हतं. बुर्गोसच्या डोंगरावर पवनचक्क्यांची देखभाल करणाऱ्या टोळीत तो होता, आणि त्या कामाचा पहिला नियम असा की वर जायचं ते दोघांनीच. एकाला काही झालं तर दुसऱ्याने त्याला दोराला बांधून खाली आणायचं. रीनोचा जोडीदार विल्मर, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, आदेलाचा नवरा. हे काम त्याला विल्मरनेच शिकवलेलं. आणि आता विल्मरच उंचीला घाबरायला लागला होता.

आधी रीनोच्या ध्यानात आलं नाही. माथ्यावरच्या यंत्राच्या खोलीतून झडप उघडून छपरावर जायची वेळ आली, की विल्मरचा गुडघा धरे, नाहीतर एखादा पाना खाली राहिलेला असे. "तू हो पुढे, तुझे पाय हलके," असं तो हसून म्हणे. पण एकदा रीनोने वरून वाकून पाहिलं, तर विल्मर डोळे मिटून शिडीला मिठी मारून उभा होता.

तेव्हापासून रीनोची घालमेल सुरू झाली. टोळीच्या साहेबीणबाईंना सांगावं तर विल्मरचं काम जाणार, बहिणीच्या घरात वादळ. न सांगावं तर आपला जीव कुणाच्या भरवशावर टांगायचा? एकदा तो साहेबीणबाईंच्या दारापर्यंत गेला, हातमोजे फाटलेत म्हणाला, नवे घेऊन परत आला. रविवारी आदेलाकडे जेवायला जाणं त्याने बंद केलं. तिचा फोन आला, "मोठा माणूस झालास का रे? माझ्या हातची पिनाकबेतची भाजी आता घशाखाली उतरत नाही?" त्याने पोट बिघडल्याचं सांगितलं.

मग ईशान्येचे वारे सुरू झाले आणि एका चक्कीचं वारा मोजायचं यंत्र बिघडलं. चक्की थांबवून दोघे वर चढले. छपरावर अर्थातच रीनो गेला. काम निम्मं झालं असेल, एक झोत असा आला की त्याचा पाय सटकला. कमरेच्या सुरक्षेच्या पट्ट्याने धरलं, पण कमरेखालचं अंग कडेबाहेर लोंबकळलं. त्याने हाक मारली. झडपेतून विल्मरचं डोकं वर आलं, एक हात बाहेर आला, आणि तो हात परत आत गेला. रीनो कोपरं घासत, पट्टा ओढत, आपला आपणच झडपेपर्यंत पोचला. मग दोघे शिडी उतरले.

खाली मनोऱ्याच्या पायरीवर विल्मर बसला. रीनो उभाच राहिला.

"मानोंग," तो म्हणाला. थोरल्या भावाला म्हणावं तसं तो मेव्हण्याला म्हणे. "आता तुम्ही सांगता की मी सांगू?"

विल्मर बुटाची नाडी सोडत राहिला. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"झाले की काही आठवडे."

"आणि तरी माझ्याबरोबर वर येत होतास?" विल्मरचा आवाज चढला. "येडा आहेस का रे? तुला काही झालं असतं तर आदेलाला मी काय तोंड दाखवलं असतं?"

रीनोला रागवावं की हसावं कळेना. तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

दुपारी विल्मर स्वतःच साहेबीणबाईंकडे गेला. बाहेर आला तेव्हा एवढंच म्हणाला, की सोमवारपासून गोदामात. गाडीत बसताना त्याने विचारलं, "घरी तू सांगशील का?"

"नाही मानोंग. ते तुमचं तुम्ही."

पुढच्या रविवारी रीनो जेवायला गेला. आदेलाला सगळं कळलं होतं. तिने त्याला न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. कामावर रीनोबरोबर आता बाताक गावची सेनायदा चढत होती. हुशार होती, चपळ होती. तरी शिडीवर त्याची नजर पुन्हा पुन्हा तिच्या हातांकडे जाई.

अंगणात विल्मर मासे भाजत होता. "काल वर वारा कसा होता?" त्याने निखाऱ्यांकडे बघतच विचारलं.

"होता जरा."

विल्मरने मासा उलटला. तो आणखी काही विचारील म्हणून रीनो थांबला. मग उठून फाटकापर्यंत गेला, सेनायदाचे हात आपण कसे बघत राहतो ते सांगावं म्हणून परत आला, आणि न सांगताच पुन्हा फाटकाकडे निघाला.