अण्णांनी भर चौकात बिअर फोडली

माफ करा. आज आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पुण्यतिथी, आणि पोस्ट टाकायला दिवस मावळला.

दुपारपासून नातवाचा फोन लागत नाही.

संदीप पहाटेच बिअरची व्हॅन घेऊन मोडनिंबला गेला. तिकडे पाण्यासाठी रास्ता रोको आहे. दुपारी कुणीतरी सांगितलं, दगडफेक झाली. तेव्हापासून फोन स्विच ऑफ.

मुलगा म्हणतो, "बाबा, चार्जिंग संपलं असंल. तुमी उगं बीपी वाढवू नका."

तो म्हणणारच. त्याने अडवलेली गाडी कधी बघितली नाही.

मी पण बघितली नाही म्हणा. मी तेव्हा चार वर्षांचा, आईच्या कडेवर. पण आमच्या बैलगाडीवर गुलाबभाई होते, त्यांनी मला ती गाडी इतक्या वेळा सांगितली की आता ती माझीच झाली आहे.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिताना मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

आमच्या आजोबांनी हा धंदा सुरू केला. आधी ते रेल्वेच्या गोऱ्या साहेबांना सोडा पुरवायचे. मग साहेबांनी बिअर मागितली. मुंबईहून रेल्वेने लाकडी पेट्या यायला लागल्या, आत पेंढा घातलेला.

आजोबांनंतर अण्णा, मग मी, मग मुलगा, आता संदीप.

घरात कुणी एक घोट चाखला नाही. विकायची, पण उंबऱ्याच्या आत आणायची नाही, असा आजोबांचा नियम.

सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. त्या काळची बाटली तापली की फुटायची. आवाज थेट बंदुकीचा.

म्हणून गाडी उन्हाच्या आत पोचवायची आणि पेट्यांवर ओली पोती टाकायची. पोतं सुकलं की परत भिजवायचं.

आजोबा म्हणायचे, "एक फुटली की बाकीच्यांना कळतं."

ते दिवस चळवळीचे. दारूच्या दुकानांपुढे पांढऱ्या टोप्या घालून पोरं बसायची. शहरात गोळीबार होऊन गेलेला. चौकाचौकात बंदूकवाले पोलीस.

आई अण्णांना म्हणाली, "आज नगा जाऊ."

अण्णा म्हणाले, "साहेबांच्या क्लबाला शब्द दिलाय. येतो की लगेच."

चौकात गाडी अडली.

शंभर-दोनशे माणसं. आणि चाकापुढे आडवा झोपलेला कोण, तर आमचा मामा. आईचा सख्खा धाकटा भाऊ, मोहोळहून आलेला.

अण्णा खाली उतरले. "ऊठ की. आपल्या घरची गाडी हाय ही."

"म्हणून तर झोपलोय, दाजी. हाका बैल माझ्या अंगावरनं."

"आन तुझी अक्का मला जेवू घालंल का मग?"

लोक हसले. मामा पण हसला. पण उठला नाही.

मागे वळावं तर मागे पण माणसं. ऊन चढत होतं. कोपऱ्यावर पोलीस उभे, बंदुका हातात, तेही घाबरलेलेच. गर्दीत कोण काय करील हे त्यांना तरी काय ठाऊक.

गुलाबभाईंनी हळूच सांगितलं, "मालक, पोती सुकली."

अण्णांनी पाणी मागितलं. दारूच्या गाडीला पाणी कोण देणार. कुणीच दिलं नाही.

त्या दोनशे माणसांत पुढे काय होणार हे फक्त दोघांना कळलं होतं. अण्णांना आणि गुलाबभाईंना.

आणि पहिली फुटली.

आवाज गोळीसारखाच. कोपऱ्यावरच्या पोलिसांनी बंदुका खांद्याला लावल्या.

अण्णा गाडीवर चढले. पोतं फेकलं, पेटी फोडली, एक बाटली दोन्ही हातांनी वर धरली. पोलिसांना नीट दिसेल अशी. आणि चाकाच्या लोखंडी धावेवर आपटली.

मग दुसरी. मग तिसरी.

गुलाबभाई सांगायचे, "तुमचे अब्बा माझ्यावर ओरडले, गुलाब, एक पण गाडीत तापू द्यायची न्हाय. सगळ्या त्यांच्या डोळ्यापुढं फोड."

फेस बैलांच्या पायापर्यंत आला. पोलिसांनी बंदुका खाली केल्या.

आणि लोकांनी जयजयकार केला.

त्यांना वाटलं, देशासाठी हा माणूस आपल्या हाताने आपली दारू फोडतोय. मामा उठला आणि अण्णांच्या गळ्यात पडून रडला.

अण्णांना लोकांनी खांद्यावर घेऊन घरी आणलं. गळ्यात हार, अंगाला बिअरचा वास. आईने मला उराशी धरलं होतं, ते तेवढं मला आठवतं. आणि तो वास.

लोक गेल्यावर अण्णा आईला म्हणाले, "मी देशासाठी न्हाय फोडल्या. तुझा भाऊ मेला असता."

आई म्हणाली, "मला ठाऊक हाय. तुमी कुणाला सांगू नका. आधी आंघोळ करा."

क्लबाने माल बंद केला. घरासमोर एक पोलीस येऊन बसायला लागला. कितीतरी महिने अण्णा दार वाजलं की उठून मागच्या खोलीत जायचे. गावाने ज्याला शूर म्हटलं तो माणूस.

पुढे साहेबांनाच तहान लागली आणि पेट्या परत यायला लागल्या. तेव्हा मामा म्हणाला, "दाजी, परत सुरू केलंत व्हय?" पण भाऊबीज त्याने एकदाही चुकवली नाही. ओट्यावर बसायचा. आमच्या घरचं पाणी प्यायचा नाही, ओवाळणी मात्र घालायचा.

अण्णा, तुमच्याइतकं पटकन मला कधी काही सुचलं नाही. मी फक्त घाबरत आलो. तुमच्या आठवणीला हात जोडतो.

मोडनिंब, मोहोळ भागात कुणी ओळखीचं असेल तर कृपा करून रस्त्यावर जाऊन बघा. पांढरी व्हॅन आहे. पोरगा उंच आहे, चष्मा लावतो.

संदीप, कुणाच्या मोबाईलवर हे वाचलंस तर ऐक. गाडीत बसून राहू नकोस. लोक म्हणाले माल उतरव, तर उतरव. फोडू म्हणाले तर फोडू दे, वाद घालू नकोस. घरी तुला कुणी एका शब्दाने विचारणार नाही.

बोलायला जमत नसेल तर नुसता मिस्ड कॉल दे. पण लवकर दे.