वाजणारी शेंग

काल डब्यातलं सोयाबीन परातीत ओतलं आणि त्या आवाजासरशी मी वज्रेश्वरीजवळच्या आमच्या शेतात पोचले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. भात पिकवणाऱ्या बाबांनी जमिनीचा कस वाढेल म्हणून माळावर पहिल्यांदाच सोयाबीन पेरलं होतं. दसऱ्याच्या सुमाराला सगळी पानं पिवळी पडून गळाली. "गेलं सगलं पीक!" आईने कपाळाला हात लावला.

बाबांनी एक शेंग तोडून कानाशी हलवली. आत दाणे वाजले.

"मेलं न्हाय गं, पिकलंय!"

आई हसतच सुटली आणि जाळायला पाला गोळा करू लागली.

"ऱ्हाऊ दे," बाबांनी तिला अडवलं. "शेंगा आपल्या, पाला जमिनीचा."

शेंग कानाशी नेताना बाबांचा हात थरथरत होता. तेव्हा मला वाटलं, भात कापून दमलेत. पण दाणे वाजले तशी ती थरथर थांबली होती.