एक जूनचे दोघे

माझे सासरे मोरेश्वरराव बोधनकर नागपूरहून मॅलोला आले ते फक्त तीन महिन्यांसाठी. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या, नागपूरचं घर त्यांना खायला उठत होतं, म्हणून माझ्या नवऱ्याने, चैतन्यने, तिकीट काढून पाठवलं. २०२०च्या फेब्रुवारीअखेर बाबा आले आणि काही आठवड्यांतच जगाला कुलूप लागलं. परतीचं विमान रद्द झालं, मग त्यापुढचंही झालं. दोन बॅगा घेऊन आलेल्या माणसाने त्यातली एकच उघडली. दुसरी कपाटाशेजारी तशीच उभी. का, विचारलं तर म्हणायचे, "कधी निघावं लागेल, सांगता येते काय?"

मॅलो हे आयर्लंडमधल्या कॉर्कच्या उत्तरेला ब्लॅकवॉटर नदीकाठचं छोटं गाव. एक मोठा रस्ता, घड्याळाची जुनी इमारत, रेल्वे स्टेशन आणि किल्ल्याच्या कुरणात पांढरी हरणं. हरणं सोडली तर पाहुण्याला दाखवण्यासारखं आमच्याकडे फारसं काही नाही, आणि हरणं तरी माणूस किती वेळा बघणार? मी दिवसभर वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून, चैतन्य औषधांच्या कारखान्यात पाळ्या करत, आणि आमची तन्वी आपल्या लॅपटॉपसमोर. तन्वीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही इथल्या हेलात. बाबा विचारायचे, "जेवली का पोरी?" ती म्हणायची, "आय अॅम ग्रँड, आजोबा," म्हणजे मी मजेत. संपलं बोलणं. घरात चार माणसं होती आणि बाबा एकटे होते. मला ते दिसत होतं, आणि माझी पुढची मीटिंग सुरू होत होती.

सत्तरीपुढच्यांनी घराबाहेर पडायचं नाही, हा हुकूम मे महिन्यात सैल झाला तसे बाबा नदीकाठच्या बागेत जायला लागले. तिथे त्यांना नंदकुमार गोळे भेटले. गावात मराठी घरं दोनच, आमचं आणि पलीकडच्या काठावर ध्रुव-पूर्वाचं. गोळे हे ध्रुवचे वडील, पुण्यात गणित शिकवून निवृत्त झालेले. तेही मुलाकडे आले आणि अडकले. एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून दोघे तासन् तास बोलायचे. बाबा वीज मंडळातल्या गोष्टी सांगत, गोळे त्यातल्या चुका काढत. घरी आले की बाबा म्हणत, "लय आगाऊ माणूस आहे बाप्पा!" आणि दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी बूट घालून तयार.

मग एक जून आला. दोघांच्याही पासपोर्टवर जन्मतारीख एक जून एकोणीसशे अठ्ठेचाळीस. त्या पिढीत हे काही नवल नाही. शाळेत घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली तारीख जन्मभर चिकटते. पूर्वा हौशी, तिने केक केला आणि बागेत घेऊन आली. आम्ही सगळे अंतर राखून उभे राहिलो.

"पहिला तुकडा मोठ्याने कापायचा," पूर्वा म्हणाली, आणि तिथून ठिणगी पडली.

"मग मीच," बाबा म्हणाले. "मी तान्ह्या पोळ्याचा. आई सांगायची, दारात पोरं लाकडी बैल घेऊन उभी होती."

"मी गणपतीतला," गोळे म्हणाले. "पण तुमचा तान्हा पोळा कोणत्या वर्षीचा? वय वाढवून घातलं होतं शाळेत की कमी करून?"

"आता ते कोणाला ठाऊक?"

"म्हणजे सगळा कारभार अंदाजपंचे! तुम्हा नागपूरकरांना तारखेचं सोयरसुतकच नाही. वहिनी गेल्या ती तारीख तरी धड माहीत आहे ना?"

बोलून गेले खरे. थट्टेच्या भरात जीभ घसरली, हे आम्हाला सगळ्यांना दिसलं. त्यांच्या चेहऱ्यावरही दिसलं. पण 'चुकलो' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघेना. बाबांनी सुरी खाली ठेवली, हात रुमालाला पुसले आणि घरी निघाले. मी मागोमाग गेले. वाटेत ते एवढंच म्हणाले, "तारीख मला माहीत आहे मेधा. वेळही माहीत आहे."

त्यानंतर गोळे सकाळी बागेत जायचे, बाबा दुपारी. गोळ्यांनी पूर्वाकरवी निरोप पाठवला, गंमत केली होती, मनावर घेऊ नका. बाबा म्हणाले, "त्याला स्वतःचं तोंड आहे ना?" मला दोघांचाही राग येई. गावात मराठी बोलायला दुसरं चिटपाखरू नाही, आणि हे दोघे एकाच बाकावर वेगवेगळ्या वेळी जाऊन बसतात! बाबांचा मात्र जीव आत तुटत होता. परत आले की सहज विचारल्यासारखं विचारत, "पूर्वाचा फोन होता काय? बरे आहेत ना सगळे?"

उन्हाळा असाच गेला. सप्टेंबरात नदीवर धुकं उतरायला लागलं, ते दुपारपर्यंत हलायचं नाही. बीचची झाडं तांबूस झाली, फुटपाथवर ओल्या पानांचा चिखल झाला. संध्याकाळी धुराड्यांतून कोळशाचा वास यायचा आणि दिवे लवकर लागायचे. दुकानांत हॅलोविनचे भोपळे आले, पण गिऱ्हाईक दाराबाहेर रांगेत, मास्क लावून, मुक्याने उभं. मला हा ऋतू एरवी फार आवडतो. त्या वर्षी खिडकीतून बाबांची पाठमोरी टोपी बागेकडे जाताना दिसली की मी हेडफोन काढून ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहायचे.

एक दिवस ते खिशातून एक पान काढून माझ्या कीबोर्डवर ठेवून गेले. पिवळं, मधोमध चिरलेलं, दोन पाकळ्या जोडल्यासारखं. मीटिंग संपल्यावर मी खाली गेले.

"चर्चच्या फाटकाजवळ झाड आहे," ते म्हणाले. "आपटाच बघ हुबेहूब. दसरा कधी आहे गं?"

मी फोनवर शोधलं. झाडाचं नाव गिंको आणि दसरा पंचवीस ऑक्टोबरला, रविवारी. बाबांचे डोळे चमकले. दसऱ्याला लहानाने मोठ्याकडे जाऊन सोनं द्यायचं, आणि त्या दिवशी झालंगेलं विसरायचं, ही त्यांच्या घरातली पक्की रीत.

"येईल तो," बाबा म्हणाले. "मास्तर माणूस आहे, रीत सोडणार नाही. तो आला की मी काही मनात ठेवणार नाही. चहा फाटकात देऊ त्याला."

म्हणजे आता सगळं दसऱ्यावर येऊन ठेपलं. ते दिवस मोजत होते आणि मीही.

त्याआधीच्या सोमवारी मी वर मीटिंगमध्ये असताना सहज खाली पाहिलं तर फाटकापाशी गोळे उभे. मास्क, लोकरीची टोपी, हात मागे बांधलेले. आत येईनात, बेल वाजवेनात. त्या दिवसांत कोणी कोणाची बेल वाजवतच नव्हतं. पुन्हा सगळं बंद होणार, अशी बातमी येऊ घातली होती. मी माझा माईक बंद केला, हेडफोन उपसला आणि खाली धावले. बाबा पडद्याआड उभे होते.

"बाबा, गोळे काका आलेत!"

"दिसून राहिलं मला."

"मग उघडा ना दार!"

"बेल वाजवू दे," बाबा म्हणाले. "एवढं आला आहे तर बेल वाजवेल ना."

वरून माझ्या नावाने हाका सुरू झाल्या होत्या. मी वर गेले, दोन वाक्यं बोलले, पुन्हा खिडकीशी आले. फाटकात कोणी नव्हतं. त्या दिवशी मी बाबांना पहिल्यांदा तोडून बोलले. म्हटलं, काय मिळालं तुम्हाला? ते म्हणाले, "रविवारी दसराच आहे. येईल बरोबर." पण संध्याकाळी पोळी अर्धीच खाल्ली.

बुधवारी रात्रीपासून देश बंद झाला. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, कोणाच्या घरात पाऊल ठेवायचं नाही. रविवारी पहाटे इथली घड्याळंही तासभर मागे गेली. त्यामुळे बाबा उठले तेव्हा सगळं गाव झोपलं होतं. आंघोळ करून त्यांनी ती दुसरी बॅग उघडली. तिच्यात वर एक मोतिया रंगाचा झब्बा होता, सासूबाईंनी शेवटच्या दिवाळीला घेतलेला. तो घालून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. मी श्रीखंड केलं, देवापुढे रांगोळी काढली, तन्वीच्या वह्यांची पूजा केली. बाबांचं लक्ष फाटकाकडे. शेजारच्या नोरीन आजी कुत्र्याला घेऊन गेल्या, पोस्टाची गाडी रविवार असल्याने आलीच नाही, पावसाची एक बारीक सर येऊन गेली.

दुपार झाली. पुऱ्या तळायच्या थांबवल्या होत्या. एकाएकी बाबा उठले.

"मीच जातो," म्हणाले.

"आणि मोठेपण?"

"राहू दे. तारीख कोणी पाहिली आहे?" टोपी घालता घालता हसले. किती महिन्यांनी हसले! "झाडाखालून पानं घेऊन जातो. चांगली, ओली नाही अशी निवडून."

मला इतका आनंद झाला की मी ते दिसेनासे होईपर्यंत दारात उभी राहिले. मग कढई चढवली. पुऱ्या फुगत होत्या तेवढ्यात फोन वाजला. पूर्वाचा मेसेज होता.

"मेधा, बोधनकर काका आले होते गं. आमचे बाबा तर मंगळवारीच पुण्याला गेले, लंडनवरून अचानक तिकीट मिळालं. सोमवारी ते तुमच्याकडे सांगायला आले होते ना? हे ऐकून काका फाटकात खूप वेळ उभे राहिले. घरी पोचले का बघ."

मी गॅस बंद केला. बाबांना यायला बराच उशीर झाला. झब्ब्याच्या कडा भिजल्या होत्या, बुटांना पानं चिकटली होती.

"भेटले का?" मी विचारलं. दुसरं काय विचारायचं ते सुचलं नाही.

"भेटला की." त्यांनी टोपी खुंटीला अडकवली. "सोनं दिलं. मोठा मीच, मान्य केलं त्यानं. चहा घ्या म्हणून मागे लागला होता. पण नियम आहे ना, आत कसं जाणार? फाटकातूनच आलो."

"बरं झालं," मी म्हणाले. चैतन्य काही बोलणार होता, त्याला मी डोळ्यांनी दटावलं. बाबा ताटावर बसले आणि दोनदा श्रीखंड मागून घेऊन जेवले. त्यांनी अर्ध्यावर ताट सोडलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार, पण इथली सार्वजनिक सुट्टी होती. संध्याकाळी मी सगळे कपडे मशीनमध्ये टाकले, खिसे बघायचं भान नव्हतं. दार उघडलं तर तन्वीच्या शाळेच्या निळ्या स्वेटरवर, टॉवेलांवर, चैतन्यच्या शर्टांवर, सगळीकडे पिवळा चुरा. बाबांच्या पँटच्या दोन्ही खिशांत लगदा झाला होता. चांगली मूठ मूठ पानं नेली होती त्यांनी. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून चुरा वेचायला लागले आणि मला रडू आलं.

बाबा आत आले. कपड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग कण्हत कण्हत खाली बसले, तन्वीचा स्वेटर मांडीवर घेतला आणि नखांनी एकेक पान काढू लागले. बराच वेळ आम्ही दोघंही तेच करत होतो.

"मेधा," ते खाली बघतच म्हणाले, "तिकडे उतरल्यावर माणसाला किती दिवस कोंडून ठेवतात?"

"चौदा दिवस."

"एकटंच?"

"खोलीत एकटंच. जेवण दारात ठेवतात."

त्यांनी स्वेटर घडी करून बाजूला ठेवला. "सांगायला आला होता तो. मी पडद्यामागून बघत उभा होतो." बोटांना चिकटलेला चुरा त्यांनी झटकला. "नंबर घे पूर्वाकडून."

मी नंबर घेतला, लावला, फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी पाठ सरळ केली आणि तो कानाशी धरला. पलीकडे वाजत असलेलं मलाही ऐकू येत होतं. वाजून वाजून बंद झालं. पुन्हा लावला, पुन्हा तेच. कालपासून आपण तिकडच्यापेक्षा साडेपाच तास मागे आहोत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पुण्यात रात्र झाली होती.

"झोपले असतील बाबा," मी म्हटलं आणि फोन घ्यायला हात पुढे केला. "सकाळी लावू."

त्यांनी तो सोडला नाही.

"वाजू दे," ते म्हणाले.