सासूबाईंच्या हाताची चव, आता पुडीत

नमस्कार मंडळी. या सदरात लोक पिंपळ, हडळ, पांढऱ्या साडीतली बाई असलं लिहितात, ते मी चहाबरोबर वाचते आणि हसते. भुताला घाबरायला निवांतपणा लागतो, आणि चाळीत तो कुठून मिळणार? आमच्याकडे भूत आलं असतं तर त्यालाही नळावर नंबर लावायला लागला असता. त्यामुळे माझा विश्वास कधीच नव्हता... अजूनही नाही म्हणते. पण गेल्या मे महिन्यात आमच्या घरात भरदुपारी जे झालं ते सांगते. काय ते तुम्हीच ठरवा.

आम्ही लालबागचे. चाळ होती तिथेच आता टॉवर झालाय, त्यात अकराव्या मजल्यावर राहतो. मी, आमचे हे, धाकटी जाऊ शालन आणि माझी नात जुई.

गोष्ट सुरू होते ती मात्र चाळीत, केबल नुकती आली तेव्हा. केबल म्हणजे ह्यांचा मित्र बाबल्या! त्याच्या खोलीत दोन व्हीसीआर, आणि तिथून निघालेली काळी वायर गच्चीवरून, कठड्यांवरून, कुणाच्या वाळत घातलेल्या लेंग्याखालून चार चाळी फिरायची. दुपारी पिक्चर लागायचा आणि मध्येच लोकल जाहिराती... साडीचं दुकान, टायपिंग क्लास, चष्मेवाला. गुलाबाच्या फुलावर थरथरणारी अक्षरं आणि बाबल्याचा नाकातला आवाज. खाली पट्टी सरकत असायची, चिरंजीव अमुक यास पहिल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. आम्हा बायकांना पिक्चरपेक्षा त्याचीच ओढ, कारण हिरॉईन काय आपल्या ओळखीची नसते, चिरंजीव असतो.

तर आमच्या मसाल्याच्या गल्लीतल्या एका दुकानदाराने तयार मालवणी मसाल्याची पुडी काढली. जाहिरातीला घरगुती दिसणारी सून पाहिजे होती. बाबल्या म्हणाला, "वहिनी, तुम्ही उभ्या राहा. एकच वाक्य आहे."

मंडळी, तेव्हाची मी म्हणजे काय सांगू... अकलेच्या नावाने आनंद, पण आरसा सोडायची नाही. सासूबाई शिमग्याला गावी गेल्या होत्या, ती संधी साधून आमच्याच स्वयंपाकघरात शूटिंग उरकलं. लग्नाच्या कॅसेटी काढणारा एक जण कॅमेरा घेऊन आला, हे स्टुलावर चढून हॅलोजन धरून उभे. मी तोंडाला इतकी पावडर थापली होती की आमटीत शिंकले असते तर घट्ट झाली असती. पुडी हातात धरून मान वाकडी करायची आणि म्हणायचं — "सासूबाईंच्या हाताची चव, आता पुडीत!"

त्या वाक्यात काय सुरुंग पेरलाय हे मला कळायला नको? नाही कळलं. जाहिरात लागायच्या आधीच आठवडाभर मी भाजी आणायला गॉगल लावून जात होते. शिवाजी पार्कपर्यंत लोक ओळखतील अशी भीती होती ना! कीर्ती सगळी चार चाळींची, तीही वायर पोचेल तिथवर.

जाहिरात लागायची त्याच दिवशी सकाळी सासूबाई गावाहून परतल्या. जिन्यातच कुणीतरी त्यांना ते वाक्य ऐकवलं. आत आल्या, पिशवी ठेवली, आणि टीव्हीमागची वायर उपटून खिडकीबाहेर टाकली. म्हणाल्या, "माज्या हाताची चव पुडीत? मगे माका पण बांधा पुडीत, नि इका!"

महिनाभर जाहिरात चालली. महिनाभर दुपारी पिक्चरच्या वेळेला सासूबाई दारात पाट टाकून तांदूळ निवडत बसायच्या. शेजारणीकडे जायचं तर त्यांना ओलांडून. कुणाची हिंमत? अख्ख्या चाळीने मला टीव्हीवर बघितलं... माझ्याशिवाय. पुढे बाबल्याने केबल विकली, आणि कॅसेटवाल्याने माझ्या कॅसेटवर कुणाची तरी मुंज लावली.

सासूबाई तशा वाईट नव्हत्या. पुढे माझं बाळंतपण केलं, मसाला कुटायला हाताशी धरून शिकवलं. पण त्या जाहिरातीबद्दल शेवटपर्यंत अवाक्षर नाही. आणि मला मनातून एकच होतं — एकदा, फक्त एकदाच, ती बघायला मिळावी.

शालन लग्न होऊन घरात आली ती जाहिरातीनंतर दोन वर्षांनी. तिचं ठरलेलं, "कसली जाहिरात नि कसलं काय! जाऊबाईंना स्वप्न पडलंय." जुईपण तिलाच सामील. "आजी, प्रूफ?" प्रूफवर मुंज लागलीये, बाई.

आता गेल्या मे महिन्यातलं ऐका. मी जेवण करून डंकावर मसाला कुटून आणायला गेले. दरवर्षी जाते, दुसऱ्या कुणाला पाठवत नाही. चारच्या आसपास गरम डबा पोटाशी धरून, शिंकत घरी आले, तर शालन सोफ्यावर पुतळ्यासारखी. कपातल्या चहावर साय. जुई टीव्हीसमोर रिमोट घेऊन उभी. हे आरामखुर्चीत घोरतायत.

"काय गं, कोण गेलं?" मी विचारलं.

"आजी," जुई म्हणाली, "तू पुडी उलटी धरली होतीस."

मी डबा आधी खाली ठेवला. पुडी मी खरंच उलटी धरली होती. कॅसेटवाला तेव्हा ओरडला होता, "राहू दे, कोणाला दिसतंय!" हे मी आयुष्यात कुणाला सांगितलेलं नाही. सांगेन कशाला?

सेट-टॉप बॉक्स बंद पडला, म्हणे. स्क्रीन निळी झाली, मग मुंग्या आल्या, आणि मग गुलाबाचं फूल. नाकातला आवाज. खाली वाढदिवसाची पट्टी. हिरव्या ऑईलपेंटची भिंत, फळीवर पितळेचे डबे, आणि पुढे मी. जुईचा जन्म टॉवरमधला, ती भिंत तिने बघितलेलीसुद्धा नाही.

"मी कशी दिसत होते?" मंडळी, हा माझा पहिला प्रश्न. वय झालं, सवय गेली नाही.

"बारीक," शालन म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने माझ्याबद्दल काढलेला पहिला चांगला शब्द! मग हळूच म्हणाली, "जाऊबाई... मागे आई होत्या."

"कोण आई?"

"आपल्या सासूबाई. मोरीच्या दारात. चौकड्याचं लुगडं. तुम्ही 'आता पुडीत' म्हणालात तशा त्यांनी मागून बोट हलवलं. असं... नाही-नाही. आणि मग दातात पदर धरून हसायला लागल्या."

"भिंतीवर फोटो आहे ना, त्याच पणजी," जुई म्हणाली. "पण मी ओळखलंच नाही आधी. त्या हसत होत्या ना!"

इतक्यात हे जागे झाले. सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा शोधत म्हणाले, "आई? कशी असेल? आई गावाक होती. मीच तर परळ डेपोत जाऊन एस्टीत बसवलेली."

तेच तर! त्या स्वयंपाकघरात त्या दिवशी मी, हे आणि कॅसेटवाला, चौथं माणूस नव्हतं. ज्यांनी तेव्हा जाहिरात पाहिली त्या शेजारणींनी माझ्या पावडरीपासून कुंकवापर्यंत सगळ्याला नावं ठेवली, पण मागे सासू उभी आहे असं एकीनेही सांगितलं नाही. आणि ही बातमी काय आमच्या चाळीने गिळली असती?

जुई कॉम्प्युटरमधली. तिने बॉक्स उघडला, बंद केला, केबलवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, व्हीसीआर आता म्युझियममध्येपण नाही." जुईने मोबाईल काढेपर्यंत जाहिरात संपली होती, त्यामुळे प्रूफ पुन्हा नाहीच. शालन मात्र आता शेजारपाजारी सांगत सुटलीये, "आमच्या जाऊबाई टीव्हीवर होत्या." मला तेवढं पुरे.

याचा अर्थ काय, मला ठाऊक नाही. विचार करून डोकं दुखवायचं मी सोडून दिलंय. एवढं मात्र खरं की त्या रात्री नव्या मसाल्याचं कालवण केलं आणि फोटोपुढे वाटी ठेवताना मला पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट वर बघता आलं.

हल्ली मी रोज दुपारी केस विंचरून टीव्हीसमोर बसते. घरातले हसतात. अजून काही दिसलेलं नाही, आणि मला माहितीये दिसणारही नाही. दिसेल ते मी कोथिंबीर आणायला खाली उतरले की! सासूबाईंचा पाट अजून दारातच आहे... तांदूळ निवडून व्हायचेत त्यांचे. बसू देत. हसतायत ना, मग बसू देत.